टिटवाळ्यात आमचा डॉक्टर कोण?

"पार्किन्सन्स आहे," असं म्हणून न्यूरॉलॉजिस्टनी मान कॉम्प्युटरकडे वळवली आणि ते टाइप करायला लागले.

मी समोर बसले होते. दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरले होते, म्हणजे हलताना दिसू नयेत. ठाण्यातलं मोठं हॉस्पिटल. बाहेर इतकी गर्दी की आमच्यानंतरच्या नंबरचे गृहस्थ दार किलकिलं करून दोनदा डोकावून गेले होते.

"म्हणजे हे बरं होणार नाही?" मी विचारलं.

"कंट्रोलमध्ये राहतं. आज गोळी सुरू करतोय. दीड महिन्याने दाखवा."

या आजारात मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं. हालचाल सुरळीत व्हायला ते लागतं. ते कमी झालं की हात थरथरतात, माणूस पाय घासत चालतो, चेहऱ्यावर काही उमटत नाही, आणि हे सगळं हळूहळू वाढत जातं. ही माहिती मला डॉक्टरांकडून मिळाली नाही. लिफ्टची वाट बघताना मिस्टरांनी मोबाइलवर शोधून वाचून दाखवली. 'हळूहळू वाढत जातं' इथपर्यंत आले आणि त्यांनी मोबाइल खिशात टाकला.

घर बदललेल्या, विशेषतः उतारवयात घर बदललेल्या माणसांनी हे वाचावं म्हणून लिहितेय. नव्या जागी गेल्यावर आपण गॅसचं कनेक्शन, दूधवाला, इंटरनेट सगळं आठवड्याभरात लावतो. डॉक्टर मात्र आजारी पडल्यावर शोधतो. आणि आजारी माणसाला तेव्हा शोधण्याचं त्राण नसतं.

मी माधुरी. ठाण्यातल्या कोपरीच्या एका शाळेत नोकरीची सगळी वर्षं चौथीचे वर्ग शिकवले. आमच्या बिल्डिंगच्या खालीच आमच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. माझ्या मुलीचा गोवर त्यांनी पाहिला, माझ्या सासूबाईंचा शेवट त्यांनी पाहिला. मार्चमध्ये डोकं दुखतंय म्हणून गेले की म्हणायचे, "बाई, पेपर तपासून होऊ देत, मग या. तेव्हाही दुखत असेल तर औषध देईन." बहुतेक वेळा दुखायचं थांबलेलं असायचं.

बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली त्याच सुमाराला डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे पुण्याला गेले. आम्ही टिटवाळ्याला राहायला आलो. तिथे आधीच एक छोटा फ्लॅट घेऊन ठेवला होता. मोकळी हवा, नवी बिल्डिंग, मुलगी ऋजुता डोंबिवलीत, म्हणजे फार लांब नाही. सगळं जमेल असं वाटलं.

सामान हलवण्याच्या धावपळीत माझं पोट बिघडलं. छातीत जळजळ, जेवल्यावर मळमळ. आमच्या कॉम्प्लेक्सच्या गेटबाहेर औषधांच्या दुकानाला लागून एक पॉलिक्लिनिक होतं, तिथे गेले. एक तरुण डॉक्टर होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "ॲसिडिटी?" मी हो म्हटलं. पंधरा दिवसांची कॅप्सूल लिहून दिली, सकाळी उपाशीपोटी एक. चार दिवसांत बरं वाटलं.

पंधरा दिवसांनी विचारायला गेले तर ते डॉक्टर नव्हते. सोमवारी एक, गुरुवारी दुसरे, अशी तिथली पद्धत. त्या दिवशीच्या बाई म्हणाल्या, "बरं वाटतंय ना? मग कंटिन्यू करा." पुढे त्यांनाही विचारायची गरज राहिली नाही. रिकामी स्ट्रिप दाखवली की मेडिकलवाला नवी काढून द्यायचा. "काकी, गॅसची आहे, काही होत नाही." मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. गॅसची गोळी घरोघरी असते.

तीन-चार महिन्यांनी हात थरथरायला लागले. चहाचा कप बशीवर वाजायचा. मग पायात जोर नसल्यासारखं झालं. खुर्चीतून उठायला दोनदा झोका घ्यावा लागायचा. मुलांच्या अक्षराला वळण लावणारी मी, माझं स्वतःचं अक्षर मुंगीएवढं झालं. शेजारच्या बाई एकदा मिस्टरांना म्हणाल्या, "तुमच्या मिसेस रागावल्यात का हो आमच्यावर? हसत नाहीत हल्ली." मी तर त्यांच्याकडे बघून हसले होते.

आता दाखवायचं कोणाला? पॉलिक्लिनिकमध्ये गेले तर व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्ह कमी असेल म्हणून इंजेक्शनं झाली. फरक पडेना म्हणून कोणीतरी सांगितलं ते कल्याणचे हाडांचे डॉक्टर गाठले. त्यांनी मानेचा एक्स-रे काढून स्पॉन्डिलोसिस सांगितला. म्हणजे मानेच्या मणक्यांची झीज. माझ्या वयात ती पुष्कळांच्या एक्स-रेत दिसते, हे मला नंतर समजलं. तेव्हा मी मुकाट्याने पट्टा बांधून फिरले. डोंबिवलीच्या एका फिजिशियननी चेहऱ्याकडे बघून विचारलं, "घर सोडल्याचं मनाला लागलंय का?" आणि झोपेची गोळी लिहून दिली. ती मी घेतली नाही.

यातला एकही माणूस वाईट नव्हता. पण दर ठिकाणी मी पहिल्यापासून सुरुवात करायची, "कोपरीला होते, आता टिटवाळ्याला आलो," आणि दर ठिकाणी तिसऱ्या वाक्याला मला थांबवलं जायचं. प्रत्येकाने माझा आपापल्या वाटणीचा तुकडा तपासला. चालणारी, उठणारी, लिहिणारी अख्खी बाई कोणी बघितलीच नाही.

त्याच दिवसांत ऋजुताला मुलगा झाला. बाळाला आंघोळ मीच घालणार, हे मी तिला आधीपासून सांगून ठेवलं होतं. मी डोंबिवलीला राहायला गेले. पहिले काही दिवस कसंबसं जमवलं. मग एके सकाळी पायांवर बाळ घेतलं, पाणी ओतलं, आणि माझे हात असे थरथरायला लागले की बाळ दचकून रडायला लागलं. ऋजुता दारातच उभी होती. तिने येऊन बाळ उचललं.

"आई, तू बस जरा. दमलीस."

दुसऱ्या दिवशीपासून मालिशवाली बाई यायला लागली. मला कोणी काही बोललं नाही. ते न बोलणंच जास्त लागलं.

ऋजुतानेच मग ठाण्याच्या हॉस्पिटलची अपॉइंटमेंट घेतली. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "रेफर्ड बाय?" म्हणजे तुम्हाला कोणत्या डॉक्टरांनी पाठवलं. मी म्हटलं, "कोणी नाही." ती म्हणाली, "मग सेल्फ टाकते." माझ्या फाइलवर छापून आलं, सेल्फ. आत ज्युनिअर डॉक्टरांनी चालू औषधं विचारली. मी बीपीची गोळी सांगितली आणि म्हटलं, "गॅसची एक घेते." त्यांनी लिहिलं, अँटासिड. एमआरआय झाला. त्यात विशेष काही निघालं नाही. मग ते निदान, आणि ती लिफ्ट.

लेव्होडोपा नावाची गोळी सुरू झाली. मेंदूत डोपामिनची भरपाई करणारी. थरथर तशीच राहिली, पण पोटात ढवळून यायला लागलं. हॉस्पिटलच्या नंबरावर फोन केला. याच्यासाठी एक दाबा, त्याच्यासाठी दोन दाबा, असं करत शेवटी एक आवाज मिळाला.

"मॅम, अँटासिड चालू आहे ना? डॉक्टरांना विचारून त्याचा डोस वाढवू शकता."

"कोणत्या डॉक्टरांना?"

"तुमच्या नेहमीच्या, मॅम."

माझे नेहमीचे डॉक्टर पुण्याला होते. मी मेडिकलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "दोन वेळा घ्या ना काकी." मी दोन वेळा घ्यायला लागले.

पुढच्या भेटीपर्यंत मी कुशीवर वळायलाही मिस्टरांची मदत घेत होते. न्यूरॉलॉजिस्टनी लेव्होडोपा वाढवली. माझा आजार जरा वेगाने वाढतोय, असं ते म्हणाले.

मग एका मंगळवारी मी पडले. देवळाच्या रस्त्यावर गणपतीला येणाऱ्यांची वर्दळ होती, मिस्टर पुढे केळी घेत होते. मला पाऊल उचलायचं होतं, पण ते उचललंच गेलं नाही. वरचं अंग पुढे गेलं आणि हनुवटी दगडावर आपटली. रक्त खूप आलं. भाजीवाल्या दोघी जणी आणि एक रिक्षावाला, तिघांनी धरून मला शेजारच्या गल्लीतल्या दवाखान्यात नेलं.

तो दवाखाना मी आधीही बघितला होता. जुन्या गावठाणात, एका आगरी कुटुंबाच्या घराच्या तळमजल्यावर. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये त्याला 'गाववाल्यांचा दवाखाना' म्हणायचे आणि तिथे कोणी जायचं नाही. बाकावर गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं आवरून एक म्हातारी बसली होती. तिने सरकून जागा केली.

"बस गो बाय, उटू नको. डाक्तरीन हाय आतमंदी. तूच जा आदी."

डॉक्टरांचं नाव भोईर. चाळिशीच्या असतील. त्यांनी हनुवटीला टाके घातले. मला वाटलं, झालं, आता घरी. पण हात धुऊन त्या म्हणाल्या, "आता दारापर्यंत चालून दाखवा."

मिस्टर म्हणाले, "तिला पार्किन्सन्स आहे, डॉक्टर."

"असेल. तरी चालू दे."

मी चालले. त्यांनी मला वळायला लावलं, हात पुढे धरायला लावले, बोटं चिमटीसारखी उघडझाप करायला लावली. बाहेर बाक भरलेला होता, पण दार उघडून कोणी डोकावलं नाही.

"सुरुवात कोणत्या हातापासून झाली?"

"दोन्ही एकदमच थरथरायला लागले."

"नक्की? आधी एक, मग काही महिन्यांनी दुसरा, असं नाही?"

"नाही. दोन्ही."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग मिस्टरांना म्हणाल्या, "काका, रिक्षा करा आणि घरात जी काही औषधं असतील ती सगळी घेऊन या. सगळी. बामसुद्धा."

मिस्टर पिशवी भरून घेऊन आले. डॉक्टरांनी ती टेबलावर उपडी केली. बीपीची गोळी बाजूला, लेव्होडोपा बाजूला. मग ती गॅसची स्ट्रिप हातात घेऊन तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली.

"ही किती दिवस घेताय?"

"ती गॅसची आहे," मी म्हटलं.

"हो. पण किती दिवस?"

मिस्टरांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. ते म्हणाले, "टिटवाळ्याला आल्यापासून. वर्ष होत आलं असेल."

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. या कॅप्सूलमध्ये दोन औषधं असतात. एक आम्ल कमी करतं. दुसरं, लेव्होसल्पिराइड, जठरातलं अन्न पुढे ढकलायला मदत करतं. थोडे दिवस घेतलं तर सहसा काही होत नाही. पण ते मेंदूत डोपामिनचं काम अडवतं, आणि बरेच महिने घेतलं तर काही जणांना हुबेहूब पार्किन्सन्ससारखं होतं. ड्रग-इंड्यूस्ड पार्किन्सनिझम, म्हणजे औषधामुळे उद्भवलेली पार्किन्सन्ससारखी लक्षणं. खरा पार्किन्सन्स बहुतेक वेळा एका बाजूने सुरू होतो. माझा दोन्ही बाजूंनी एकदम झाला होता, आणि फार पटकन वाढला होता.

"म्हणजे मला पार्किन्सन्स नाही?"

"ते मी आज सांगू शकत नाही. असूही शकेल, आणि वर ही गोळी. पण ही गोळी आज बंद. ठाण्याची गोळी मात्र तुमच्या मनाने बंद करायची नाही. ते मी त्यांच्याशी बोलून ठरवते."

त्यांनी तिथेच फोन लावला. तेच एक दाबा, दोन दाबा. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि दरम्यान माझ्या हनुवटीवर पट्टी लावली. शेवटी कोणीतरी विचारलं, "आपण कोण?"

"मी पेशंटची फॅमिली डॉक्टर बोलतेय," त्या म्हणाल्या.

मी त्यांची तासाभराची पेशंट होते. मला भरून आलं, पण चेहरा हलत नसल्यामुळे कोणाला काही दिसलं नसणार.

तुम्हाला वाटेल, आता सुटका झाल्यासारखं वाटलं असेल. मला राग आला. घरी येऊन सबंध संध्याकाळ मी रागाने नुसती बसून होते. इतके दवाखाने, इतकी इंजेक्शनं, तो मानेचा पट्टा, तो एमआरआयचा बोगदा, आणि कोणालाच माझी औषधं हातात घेऊन बघावीशी वाटली नाहीत. 'गॅसची' म्हटलं की सगळ्यांचं समाधान व्हायचं. माझंसुद्धा.

पुढचे आठवडे कठीण गेले. ठाण्याच्या ज्युनिअर डॉक्टरांशी बोलून पुढच्या भेटीपर्यंत लेव्होडोपा तेवढीच चालू ठेवायचं ठरलं होतं. जळजळ परत आली, तिच्यासाठी डॉक्टरांनी दुसरं साधं औषध आणि जेवणाच्या वेळा लावून दिल्या. थरथर तशीच होती. दर आठवड्याला मी जाऊन दारापर्यंत चालून दाखवायचे. एकदा मी विचारलं, "नाहीच बरं झालं तर?"

"तर खरा पार्किन्सन्स आहे असं धरून पुढचं बघू. पण निदान काय आहे ते तरी नक्की कळेल."

खोटा धीर त्यांनी एकदाही दिला नाही. त्यामुळेच मी दर आठवड्याला परत गेले.

पहिला फरक मिस्टरांना दिसला. लिफ्ट बंद होती, दुरुस्तीवाला तिसऱ्यांदा 'उद्या येतो' म्हणाला होता, आणि मी फोन ठेवला. हे माझ्याकडे बघत राहिले.

"अगं, तुझ्या कपाळाला आठ्या पडल्यात."

मी आरशात जाऊन पाहिलं. खरंच पडल्या होत्या. मी चिडलेय हे माझ्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी दिसत होतं.

त्यानंतर सुधारणा होत गेली. खुर्चीतून एका दमात उठता यायला लागलं. अक्षर मोठं झालं. ठाण्याला दाखवायला गेलो तेव्हा बंद केलेली ती कॅप्सूल न्यूरॉलॉजिस्टना दाखवली. त्यांनी मला चालायला लावलं, बोटं बघितली. "गुड. ड्रग-इंड्यूस्ड होतं तर." लेव्होडोपा टप्प्याटप्प्याने कमी करून बंद करायला सांगितली. काही जणांमध्ये पुढे खरा आजार दिसू शकतो, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवत राहा, असंही म्हणाले. ते त्यांनी नीट, वेळ देऊन सांगितलं.

मी म्हटलं, "तुमच्याकडे गॅसची गोळी सांगितली होती मी."

त्यांनी फाइल वर-खाली केली. "इथे अँटासिड लिहिलंय." मग फाइल मिटून म्हणाले, "कोणी पकडलं हे?"

"टिटवाळ्याच्या डॉक्टरांनी."

"लकी आहात."

घरी परतताना तो शब्द मला टोचत राहिला. लकी. म्हणजे मी त्याच गल्लीच्या तोंडाशी पडले म्हणून. दहा पावलं पुढे पडले असते तर?

डोंबिवलीला गेले तेव्हा ऋजुताने बाळ स्वतःहून माझ्या हातात दिलं. "आई, आज तू घाल आंघोळ." पण तोवर तो टबात एकटा बसून पाणी उडवण्याएवढा झाला होता. पायांवर घेऊन न्हाऊ घालायचे दिवस निघून गेले होते. ते कोणी परत आणून देणार नाही. ऋजुता खूप रडली. मी तिला म्हटलं, "तू बाळ उचललंस ते बरोबर केलंस."

मी पॉलिक्लिनिकमध्येही गेले होते, सांगायला. ती कॅप्सूल पहिल्यांदा लिहून देणारे डॉक्टर केव्हाच सोडून गेले होते. मेडिकलवाला म्हणाला, "काकी, डॉक्टर लिहितात, आम्ही देतो. सगळेच घेतात." आणि माझ्यासमोरच त्याने एका बाईंना तीच स्ट्रिप दिली. मी त्यांना थांबवून विचारलं, किती दिवस घेताय? त्या म्हणाल्या, "मला काही त्रास नाही हो," आणि निघून गेल्या. त्यांना खरंच नसेल. मी तरी काय म्हणणार?

गेल्या महिन्यात आमच्या कॉम्प्लेक्सच्या ग्रुपवर नव्याने राहायला आलेल्या एकाने विचारलं, जवळपास कोणी चांगला फॅमिली डॉक्टर आहे का? मी भोईर डॉक्टरांबद्दल सविस्तर लिहिलं, गल्लीची खूणही दिली. त्यावर एक अंगठा आला. मग एकाने विचारलं, "तिथे पार्किंग आहे का?"

म्हणून इथे लिहितेय. नव्या घरात गेलात की धडधाकट असतानाच एखाद्या डॉक्टरकडे जाऊन बसा. बाहेरच्या बाकावरची माणसं त्यांच्याबद्दल काय बोलतात ते ऐका. घरातली सगळी औषधं एकदा त्यांच्यापुढे ठेवा, गॅसची, झोपेची, चूर्णं, सगळी. कोणतंही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि स्वतःच्या मनाने वर्षभर चालूही ठेवू नका. जे डॉक्टर 'हे मला आज सांगता येणार नाही' म्हणतील, त्यांना सोडू नका.

परवा मी दवाखान्यात गेले. आगरी म्हाताऱ्या, शाळेतून आणलेली तापाची पोरं, नेहमीसारखाच बाक भरलेला. माझा नंबर आला.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. बरी आहे."

त्यांनी तरीही बीपी बघितलं. हात पुढे धरायला लावले, दारापर्यंत चालवलं, परत बोलावलं. मिस्टरांचा खोकला थांबला का, ते विचारलं.

"छान," त्या म्हणाल्या. "आता दोन महिन्यांनी या. काही होत नसलं तरी या."

मी बरं म्हटलं, आणि बाहेर येऊन पुढच्या बाईंना आत पाठवलं.